पस्तीस नंबरची पायरी

इथले भुताखेतांचे, अतर्क्य अनुभव मी वाचते, आणि खरं सांगू का, निम्म्याहून जास्त वेळा हसते. घरात मी "पुरावा दाखव" म्हणून बदनाम आहे. मांजर आडवं गेलं म्हणून सासूबाई गाडी थांबवायला सांगतात, तेव्हा मी मुद्दाम हॉर्न वाजवून पुढे काढते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी सोलापूरची. कारखान्यांना सॉफ्टवेअर बसवून देते. मागच्या उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात काम होतं. हॉटेलवाले ऑर्डर देताना साइज, रंग, एकेरी की दुहेरी सूत, काठ हवा की नको, असे पर्याय निवडणार. त्यावरून तो टॉवेल कुठल्या पायऱ्यांनी बनवायचा, हे सॉफ्टवेअरने आपोआप ठरवायचं. याला राऊटिंग म्हणतात. पायऱ्यांना आम्ही नंबर देतो दहा, वीस, तीस असे. मधल्या जागा मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे एखादी पायरी विसरली असेल तर नंतर घुसवता येते.

आता या पायऱ्या काही सॉफ्टवेअरला माहीत नसतात हो, माणसांना माहीत असतात. रंगखात्यात त्या यल्लप्पा मास्तरांना माहीत होत्या. साठी उलटलेली, घरात तेलुगू बोलणारे, नखं कायमची निळी.

"तुमी सगळं लिहून घेनार, मग मी काय करनार?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"तुम्ही आहातच की मास्तर," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण मालकांचा मुलगा — सगळे त्यांना छोटे शेठ म्हणतात — मला आधीच बोलला होता, "मास्तरांचं डोकं एकदा मशीनमध्ये आलं की त्यांना घरी आराम देऊ." मास्तरांना हे कळलं नसेल असं थोडंच आहे!

तरी आठवड्याभरात आमचं गूळपीठ जमलं. मला ते "अम्मा" म्हणायला लागले. त्यांच्यात लेकीलाही अम्मा म्हणतात. डब्यातली शेंगाचटणी न विचारता माझ्या भाकरीवर वाढायचे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यामुळे असेल, पण ते अम्मा मला फार आवडायचं.

मग ट्रायल झाली. पांढरे, निळे टॉवेल झकास निघाले. काळ्या रंगाचं दुहेरी सूत मात्र बॉबिन भरायला घेतलं आणि दोरे तटातट तुटायला लागले. तीस नंबर — सुकवणे, चाळीस नंबर — बॉबिन भरणे. स्क्रीनवर होतं तसंच पोरांनी केलं होतं. मास्तर बाजूला हाताची घडी घालून उभे होते. छोटे शेठ माझ्यावर उखडले, "मॅडम, शनिवारपर्यंत जमवा, नाहीतर गाशा गुंडाळा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मास्तरांना सरळच विचारलं, "या दोन पायऱ्यांच्या मध्ये काहीतरी आहे ना?"

ते रंगाच्या टाकीकडे बघत बसले. किती वेळ... मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, अकरा चाळीस झाले होते. लॅपटॉप बंद, बॅगेत, बॅग माझ्या मांडीवर. शेवटी ते म्हणाले, "काय न्हाय. लिवलंय तेवढंच हाय."

ऑफिसात येऊन लॅपटॉप उघडला. तीस आणि चाळीसच्या मध्ये एक नवी ओळ होती.

पस्तीस. सूत ओल्या पोत्याखाली आठ तास. तिसऱ्या तासाला पोतं उलटणे. खाली अटही लावलेली — रंग काळा किंवा मरून आणि सूत दुहेरी असेल तरच.

नोंद माझ्या नावावर. वेळ अकरा चाळीस.

माझा सहकारी पुण्याला होता. त्याला फोन लावला तर म्हणे, "मी आज सिस्टिम उघडलीच नाही." वाटलं, उन्हाने माझंच डोकं फिरलं असेल आणि मीच लिहिलं असेल. पण पोतं तिसऱ्या तासाला उलटायचं, हे मला कुठून कळणार?

मास्तरांना आधी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. शनिवार जवळ आला होता, मी घाबरले होते, आणि मी ती ओळ चालू केली. हे माझं चुकलंच.

काळं सूत लोण्यासारखं निघालं. छोटे शेठ खूश! आणि मास्तर स्क्रीनपुढे उभे राहून एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचत होते.

"हे कुनी सांगितलं?"

"मास्तर, आईशपथ, मला माहीत नाही."

"माझ्या बापानं मला सांगितलं होतं. मी पोराला बी न्हाय सांगितलं. तुमी परवा विचारलं तवा मनात आलं होतं... तोंडातून काढलं न्हाय." मग स्क्रीनवरचं बोट काढून घेत म्हणाले, "एवढंच राहिलं होतं माझ्याकडं, मॅडम."

मॅडम. अम्मा नाही.

मग मी जेवढं करता येईल तेवढं केलं. पस्तीस नंबरला मास्तरांच्या अंगठ्याची अट घातली. त्यांनी सूत हाताने बघून अंगठा लावल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. छोटे शेठ कुरकुरले, तर मी त्यांच्याशी कचाकचा भांडले. शेवटी मोठे मालक मध्ये पडले आणि म्हणाले, "राहू दे." मास्तरांची नोकरी टिकली.

सर्व्हरवाल्यांना विचारलं, लॉग तपासून झाले. नोंद माझ्याच लॅपटॉपवरून झालीय, एवढंच निघतं. आजतागायत उलगडा झालेला नाही. तुम्हाला पटलं नाही तर मला काही वाटणार नाही, तुमच्या जागी मीही हसलेच असते. पण एका माणसाला पटायला हवं होतं, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे पुरावा नाही.

गेल्या महिन्यात एका छोट्या बदलासाठी तिथे गेले होते. मास्तरांनी सूत चाचपलं, अंगठा लावला. ओठ सारखे हलत होते.

"जप करताय का मास्तर?" मी विचारलं.

"न्हाय. पाढे म्हनतोय," ते म्हणाले. "तुमी आलात की डोस्क्यात दुसरं काय येऊ देत न्हाय मी."

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. ते हसले नाहीत, एकोणीसचा पाढा म्हणत पुढच्या टाकीकडे गेले.