चार इंच उंच

बाबानं गाडी चार इंच उचलून घेतली आणि त्या गाडीत आईला चढता येईना. हे आमच्या घरात कुणाला आधी सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी त्या दिवसांत वाळवंटाची माती वाचवण्यासाठी पत्रकं लिहीत होते.

आधी आईचं सांगते, कारण गाडी तिच्यासाठी घेतली होती.

आई साताऱ्याजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. वाळवंटाचा धडा दरवर्षी तिच्याच वाट्याला यायचा. फळ्यावर ती कोरड्या तलावाचा भेगाळलेला तळ काढायची आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" ती म्हणायची, "नाही. पण पाहणार आहे." मग बाबाला इथं नोकरी मिळाली आणि आम्ही अमेरिकेत, सांता क्लाराला आलो. आईचा व्हिसा असा होता की तिनं इथं राहावं, स्वयंपाक करावा, मला क्लासला सोडावं, लायब्ररीत फुकट काम करावं; पगार मात्र घेऊ नये. वर्गच्या वर्ग सांभाळलेल्या बाईला एका देशानं इतकी वर्षं घरात बसवून ठेवलं. हे मला सौम्य शब्दांत सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही. ग्रीन कार्ड आलं तोवर तिची उमेद संपली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते.

तिनं एकच मागितलं. "मला तो कोरडा तलाव दाखवा."

तसा एक तलाव आमच्यापासून दिवसभराच्या ड्राइव्हवर आहे, डोंगरांच्या पलीकडे. शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. नकाशावर त्या रस्त्यापाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी, गाडी असलेली बरी.

त्या "असलेली बरी"नं घात केला. बाबा चिप तपासण्याचं काम करतो. एखादी गोष्ट किती तऱ्हांनी बिघडू शकते याची कल्पना करण्याचे त्याला पैसे मिळतात. "वर्स्ट केस धरून चालायचं," हे तो पोहे करतानाही म्हणतो. त्यानं एक वापरलेली फोर-व्हील गाडी घेतली. चांगली होती. कारखान्यातून निघाली तशीच होती, म्हणून चांगली होती. आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, सहज दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "मग, येत्या शनिवारी?"

"अगं, शनिवारी कसं? टायर तरी बदलायला हवेत. एकदाच जायचं, तर नीट जाऊ."

मोठे टायर आले. ते चाकावरच्या पत्र्याला घासू लागले, म्हणून गाडी चार इंच उचलली. उचलल्यावर खालचा दांडा वाकड्या कोनात फिरू लागला आणि हायवेवर गाडी थरथरायला लागली, मग तो बदलला. मोठ्या टायरांमुळे चढावर दम पुरेना, म्हणून गिअर बदलले. पुढं लोखंडी बंपर आला, त्यावर अडकलेली गाडी ओढून काढणारं विंच. त्या वजनानं नाक खाली गेलं, म्हणून कडक स्प्रिंगा. कुठलीही एक गोष्ट बदलली की ती पुढची मागायची, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. या धंद्याला ते "अपग्रेड" म्हणतात. मी याला माणसाच्या भीतीवर चालवलेलं दुकान म्हणते.

बाबाला चढवायला त्याचे इथलेच मित्र, आमचे नागपूरचे काका होतेच. त्यांच्याकडे याहून उंच गाडी. ते शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये चहा घेत उभे राहायचे. "काहून बे, एवढं केलं, आता नळी पण लावून टाक. नदीत उतरवली तरी इंजिन श्वास घेते."

नळी लागली. काचेच्या कडेनं छतापर्यंत जाणारी, काळी. आई बाहेर आली, तिनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"अहो, आपण कोरड्या तलावाला चाललोय ना?"

"हो."

"मग बुडायचंय कशात?"

काका इतके हसले की चहा सांडला. बाबाही हसला, पण नळी राहिली.

हसण्यात वेळ जात होता, हे आज टोचतं. त्या वाळवंटात फक्त हिवाळ्यात जाता येतं. उन्हाळ्यात तिथं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. एक पार्ट उशिरा आला की हिवाळा हुकायचा आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहायची. असे हिवाळे गेले. आईचे गुडघे त्या पार्टसाठी थांबले नाहीत.

आणि मी? मी ज्या संघटनेत काम करते ती वाळवंटात रस्ता सोडून गाड्या घालणाऱ्यांविरुद्ध लढते. तिथल्या मातीवर एक काळसर जिवंत कवच असतं. चाक एकदा गेलं की ते आपल्या हयातीत परत येत नाही. मी लिहिलेलं पत्रक मी स्वतः बाबाच्या काचेवर वायपरखाली लावलं. तो ते वाचत आत आला.

"दुसऱ्या पॅराला सोर्स दिलेला नाहीस."

"बाबा, विषय तो आहे का?"

"मी रस्ता सोडणार नाहीये."

"मग एवढी गाडी कशाला? रस्त्यावरनं जायला विंच लागतं?"

"वर्स्ट केस—"

"वर्स्ट केस तूच आहेस! तुझ्यासारखे हजार जण तयारी करतात आणि मग तयारी वापरायला जागा शोधतात!"

वाक्य चांगलं होतं. पुढच्या पत्रकात मी ते घातलं. आई तव्यावरची पोळी उलटत होती. ती न वळता म्हणाली, "तुमचं संपलं की सांगा. मला नुसतं बघायचंय. गाडीलाही जिंकवायचं नाही आणि मातीलाही नाही."

आम्ही ऐकलं आणि पुन्हा भांडायला लागलो.

गाडी उचलून घरी आली त्या दिवशी आईनं दार उघडलं, एक पाय वर टाकला आणि तिथंच थांबली. गुडघा वाकेना. "एक मिनिट," म्हणत बाबानं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. ती त्यावरून चढली, वर बसली आणि म्हणाली, "आता आरती ओवाळा." पण कडक स्प्रिंगा बसल्यावर देशी किराण्याच्या दुकानाच्या पार्किंगमधल्या पहिल्याच उंचवट्यावर गाडीनं तिला असं आपटलं, की घरी येईपर्यंत ती एक हात पाठीला लावून होती.

"शॉक अॅब्सॉर्बर बदलतो," बाबा म्हणाला. "आणि पायरीही लावतो."

पायरी विजेवर चालणारी होती. दार उघडलं की गाडीच्या पोटाखालून आपोआप बाहेर यायची, लावलं की आत जायची. ती मात्र आईला मनापासून आवडली. शेजारणीला दाखवायला तिनं दार तीनदा उघडलं. हळूहळू ती खाली न बघता पाय टाकायला लागली.

मग एका हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबा म्हणाला, गाडी झाली. खरोखर झाली. जायच्या आधी फक्त एक रंगीत तालीम. गावाबाहेरच्या डोंगरात अशा गाड्या चालवायला राखून ठेवलेली जागा आहे, तिथं आम्ही तिघं रविवारी सकाळी गेलो. मी तोंड वाकडं करून मागं बसले होते, मांडीवर चहाचा थर्मास. फाटकापाशी आई पायरीवरून चढली. दगड सुरू झाले तसा बाबानं डॅशबोर्डखालचा एक स्विच बंद केला, म्हणजे पायरी बाहेर येऊन दगडावर आपटू नये. चढ छान पार पडला. आई पुढं दांडा धरून लहान मुलीसारखी हसत होती. वर सपाटीवर बाबानं इंजिन बंद केलं.

"चहा!" आई म्हणाली, तिनं दार उघडलं आणि खाली न बघता पाय टाकला.

"अगं थांब—"

पायरी नव्हती.

तिच्या पाठीचा एक मणका दबला. घोटा मोडला, त्यात धातूची पट्टी बसवली. घोटा जुळला. मणक्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं, की जपायचं, वाकायचं नाही, वजन नाही, आणि कच्च्या रस्त्याचे धक्के तर अजिबात नाहीत. आईनं विचारलं, "कधीपर्यंत?" डॉक्टरांनी खांदे किंचित उडवले, ते मी कधी विसरणार नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी बाबाला जे बोलले ते घोषणांच्या सुरात बोलले. मला दुसरा सूर येत नाही. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "मी सगळं धरलं होतं. पूर, दरड, पंक्चर. तो स्विच धरला नव्हता."



पुढच्या हिवाळ्यात आईनंच आम्हाला जायला लावलं. "तुम्ही दोघं जा. गाडी अंगणात बघून बघून मला कंटाळा आलाय. भेगांनी पडलेल्या तुकड्यांच्या बाजू मोजून या. मी मुलांना सहा सांगायचे."

आम्ही दोघं निघालो. पुढची सीट रिकामी होती. मी सवयीनं मागं बसले होते आणि बाबानं पुढं ये म्हटलं नाही. डांबर संपलं. कच्चा रस्ता खडबडीत होता, पट्ट्यापट्ट्यांचा, दात वाजवणारा. पण रस्ताच होता. विंच लागलं नाही. नळी लागली नाही. मोठे टायर लागले का, हे मी विचारलं नाही.

तलाव दिसला. पांढरट, सपाट, इतका मोठा की पलीकडचे डोंगर त्यावर ठेवल्यासारखे वाटत होते. कडेला गाड्या लावायच्या जागेत एक छोटी, जुनी गाडी उभी होती. फोर-व्हील असेल, पण बाकी अगदी साधी, जन्मली त्या उंचीची. तिच्याशेजारी घडीच्या खुर्चीत आईच्या वयाची एक गोरी बाई संत्रं सोलत बसली होती. तिनं आमची गाडी कौतुकानं न्याहाळली.

"बापरे, केवढी तयारी!" ती इंग्रजीत म्हणाली. "इथून पुढं कुठं चाललात?"

"इथंच," बाबा म्हणाला.

ती गोड हसली, संत्र्याच्या फोडी पुढं केल्या. बाबानं एक घेतली. तो तिच्या टायरांकडे बघत होता. धक्के कमी बसावेत म्हणून तिनं त्यातली थोडी हवा सोडली होती, बस्स.

मी तलावात चालत गेले आणि गुडघ्यांवर बसून भेगा मोजल्या. लांब कुणीतरी ओल्या दिवसांत गाडी घालून गोल गोल चकरा मारल्या होत्या. ते चर वाळून दगड झाले होते. मला राग आला. तो राग खरा आहे, उद्याही मी त्यावर लिहीन. पण तिथं रडू आलं ते चरांमुळे नाही. मागं वळून पाहिलं तर आमची गाडी त्या बाईच्या गाडीच्या वर डोकं काढून उभी होती आणि बाबा आमच्या गाडीच्या सावलीत बसला होता. संत्र्याची फोड अजून त्याच्या हातात होती.

घरी आई दारातच, वॉकरला टेकून. "रस्ता कसा होता?"

मला वाटलं बाबा म्हणेल, वाईट होता, तुला झेपला नसता. मी गप्प राहायची तयारीही केली होती.

"सरळ होता," तो म्हणाला. "आपण घेतली तेव्हाची गाडी गेली असती. त्याच शनिवारी गेली असती."

आईनं वॉकर वळवला. सोफ्यापर्यंत गेली, बसली. मग मला विचारलं, "भेगा?"

"पाच बाजूंच्या पण आहेत आई. सहाच्या आहेत. चारच्याही दिसल्या."

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं." मग तिनं बाबाकडे पाहिलं. "अहो, ती खाली उतरवा."

मूळच्या स्प्रिंगा गॅरेजच्या माळ्यावर जुन्या चादरीत बांधून ठेवलेल्या होत्या. आमच्याकडे काही टाकत नाहीत. मूळचे टायरही होते. बाबानं कित्येक शनिवार त्यात घालवले. नागपूरचे काका येऊन बघून गेले. "काय बे, दुनिया वर चालली, तू खाली येऊन राहिला?" बाबानं त्यांच्या हातात पाना दिला. काकांनी तो घेतला आणि पहिला बोल्ट सैल केला. नळी काढली. तिथं पत्र्याला पाडलेलं भोक राहिलं, त्यावर काळी पट्टी आहे.

डॉक्टरांना आम्ही पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

गाडी झाली त्या दिवशी आई चपला घालून बाहेर आली. दार उघडलं, पाय टाकला, बसली. स्टूल नाही, पायरी नाही. पट्टा लावला. बाबा किल्ली हातात घेऊन तसाच उभा.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

"मेथी संपलीय," आई म्हणाली.

देशी दुकानाच्या पार्किंगमध्ये तो उंचवटा आला. बाबानं गाडी इतकी हळू घेतली की मागच्यानं हॉर्न दिला. बाबानं आरशात पाहिलं.

"वाजवू दे त्याला," आई म्हणाली. एक हात तिनं पाठीला लावला होता.