हाललं का नेट अटकते

अल्का गजभियेबाईंसारखी गणिताची मास्तरीण गोंदियात दुसरी नव्हती, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. २०१४ साली दरेकशाकडच्या एका आश्रमशाळेत दहावीला गणिताचा मास्तरच नव्हता. मग साहेब लोकांनी तोडगा काढला: बाईंनी गोंदियाच्या केंद्रात कॅमेऱ्यासमोर शिकवायचं, पोरांनी तिकडे टीव्हीवर पाहायचं. तिकडेही एक कॅमेरा होता, त्यातून पोरं आम्हाला इकडे पडद्यावर दिसायची. इकडचा कॅमेरा आणि वायरी माझ्याकडे होत्या.

नेट म्हणजे निव्वळ डोकेदुखी. चित्र घडीघडी थांबायचं, तिकडे पोरांचा धिंगाणा. एकदा बाई हसत ओरडल्या, "हालू नका रे! तुमी हाललात का नेट अटकते!" गंमत होती हो नुसती. पण आपल्याशी बोलणारा टीव्ही पोरं पहिल्यांदाच पाहत होती. त्यांनी ते खरं धरलं. तेव्हापासून चाळीस पोरं श्वास रोखून बसायची. आम्ही खूश, म्हणे शिस्त लागली. कसली डोंबलाची शिस्त!

ऑगस्टात एक दिवस पहिल्या रांगेतली मोनाली उईके भिंतीला टेकलेली दिसली. वर्गात सगळ्यात हुशार पोरगी, डोळे अर्धे मिटलेले. "मोनाली, समजलं का?" उत्तर नाही. बाकीचेही हलेनात.

"पुन्हा अटकलं वाटते," बाई म्हणाल्या. मी वायर काढून लावली. तेच चित्र. चित्र अटकलं तरी आवाज जातो, म्हणून बाई शिकवत राहिल्या. पाऊण तास मी त्या पोरीकडे बघत नेटला शिव्या घालत होतो.

नंतर कळलं, मलेरिया तिच्या डोक्यात चढला होता. शेजारची पोरगी हळूच म्हणाली होती, जाऊन नीज. तर ही म्हणते, "मी हालली तं सगळ्यायचा नेट अटकन." दवाखान्यात नेताना गाडीतच गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाई प्रत्येक पोराला उभं करून बोलायला लावू लागल्या. रोज वीस मिनिटं त्यातच जात. साहेब चिडले, कोर्स कधी संपणार? "नाही संपला तं नाही संपला," बाई फाडकन बोलल्या.

महिन्याभरानं आम्ही मोनालीच्या बापाला, उदेभानला, भेटायला गेलो. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. बाई रडत रडत नेटचं, अटकलेल्या चित्राचं सांगत होत्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तितून माही पोरगी तुमाले दिसून राहिली होती का?"

"हव," बाई म्हणाल्या.