शमाल थांबला त्या सकाळी

“मॅडम, आज तरी नाही म्हणू नका. हवा बघा किती छान आहे!”

नायर साहेब सकाळी सकाळी माझ्या पोर्टा केबिनच्या दारात उभे. ते आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. कतारमधल्या मेसईदच्या एका खतकारखान्यात शटडाऊन चालू होता, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद. एक दिवस उशीर झाला तरी क्लायंटच्या शिव्या त्यांनाच. मी त्या साइटची हवामानवाली. वारा किती, धूळ कधी, क्रेन चालवायची की नाही, हे सांगायचं माझं काम. नायर साहेबांच्या मते माझं काम एकच, खोडा घालणं. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत देते.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. आठवडाभर शमाल सुटला होता. शमाल म्हणजे इराककडून येणारा वायव्येचा कोरडा वारा. डोळ्यांत धूळ, दातांत कचकच, आणि क्रेन बंद. नवा हीट एक्स्चेंजर, म्हणजे गरम गॅस थंड करणारं ट्रकएवढं लोखंडी पिंप, जमिनीवर पडून होता. तो टॉवरच्या प्लॅटफॉर्मवर चढवायचा होता. आणि त्या पहाटे वारा अचानक पडला. धूळ बसली, तापमान खाली आलं. साइटवर जणू सणच. शमालने खाल्लेलं काम पहिल्या शांत सकाळी भरून काढायचं, हा तिथला रिवाज. वारा पडला की यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, सगळे तुटून पडतात.

मला मात्र घरून निघतानाच धास्ती वाटली होती. अल मुंतझा वस्तीतल्या एसी घरातून खाली उतरले आणि चष्म्यावर वाफ धरली. काचा पुसल्या, पुन्हा वाफ. बसमध्ये बसेपर्यंत पदराने... छे, ओढणीने पुसत होते.

त्याचं कारण असं. कतार म्हणजे समुद्रात घुसलेलं वाळवंटाचं बोट. वारा जमिनीवरून आला की इथली हवा थेट वाळवंटातली, कोरडी ठणठणीत. समुद्रावरून आला की तीच जागा कोकण किनारा होते. जागा बदलत नाही, वारा बदलतो. उन्हाळ्यात इराण-पाकिस्तानच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि तो शमालला ओढून घेतो. ती ओढ ढिली पडली की शमाल थांबतो आणि पूर्वेकडून आखाताची दमट हवा आत शिरते. पूर्वी जून म्हणजे शमाल, दमट दिवस ऑगस्टपासून, असा हिशोब जुने लोक सांगायचे. शटडाऊनचं वेळापत्रकही त्याच हिशोबावर बेतलेलं. पण मी इथे आल्यापासून शमाल मध्येच दम टाकतो, आणि ऑगस्टची हवा जूनमध्येच येऊन बसते.

“साहेब, वाऱ्यापुरतं मी हो म्हणते,” मी म्हटलं. “पण माणसांना वर फार वेळ ठेवू नका. हवा समुद्राची आहे.”

“पण तापमान तर उतरलंय! काल भट्टी होती.”

“काल घाम सुकत होता. आज सुकणार नाही.”

“मॅडम,” ते हसले, “तुम्हाला वाळवंटही चालत नाही, समुद्रही चालत नाही.” आणि गेले.

साइटच्या बोर्डावर दोनच आकडे लागायचे, वारा आणि तापमान. दोन्ही हिरव्या रंगात. उष्णतेमुळे काम थांबवायचा अधिकार सेफ्टी डिपार्टमेंटचा. नेमका त्यांचा उष्णतेचा मीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला गेलेला. माझ्याकडे हातातला मीटर होता, अधिकार नव्हता. मला अस्सा संताप आला!

मीटर घेऊन मी टॉवरखाली गेले. तिथे सदाभाऊ घाग हार्नेस, म्हणजे उंचीवरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे, चढवत होते. रिगिंगचे फोरमन, म्हणजे क्रेनला माल कसा बांधायचा, कसा उचलायचा हे ठरवणारे. गुहागरचे. साइटवर मराठी बोलायला आम्ही दोघंच, त्यामुळे भांडणही मराठीत व्हायचं. त्यांच्या गँगमधल्या सगळ्यांनी डोक्यामानेला ओले पंचे गुंडाळले होते. ही सदाभाऊंचीच शिकवण. शमालमध्ये पंचा ओला केला की वाऱ्याने सुकतो, आणि सुकताना मान गार करतो. उत्तम उपाय आहे, कोरड्या हवेत.

“सदाभाऊ, पंचा कधी भिजवलात?”

“आल्या आल्या. का?”

“अजून पाणी गळतंय त्यातून. सुकत नाहीये. तुमचा घामही तसाच राहणार. अंग गार कसं होणार?”

मी मीटर दाखवला. त्यात एका थर्मामीटरला ओली वात बांधलेली असते, त्याला वेट बल्ब म्हणतात. ओल्या पंच्याखाली तुमची मान किती गार होईल, तेच तो सांगतो. ऊन आणि वारा धरून मीटर एक आकडा देतो. तो कायद्याच्या मर्यादेला टेकायला आला होता.

सदाभाऊ खो खो हसले. “मॅडम, मी गुहागरचा! दमट हवेत जन्मलो मी. तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला काय ठाऊक दमट म्हंजे काय? हीच तर आमची हवा. बऱ्याच दिवसांनी घरी गेल्यासारका वाटतंय.”

“गुहागरात एवढं तापतं का? आणि तिथे झाडाखाली बसता. इथे लोखंडावर उभे राहणार.”

“दहाच्या आत खलास करतो. काळजी करू नका.” आणि शिडी चढले.

उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम करायला बंदी असते. म्हणून सगळी घाई दहाच्या आत. लिफ्ट सुरू झाली, म्हणजे क्रेनने माल उचलणं. एक्स्चेंजर हळूहळू वर गेला. वरून सदाभाऊ रेडिओवर क्रेनवाल्याला सांगत होते, “धीरे, और धीरे, बस, होल्ड.” क्रेनवाला नेपाळी, त्याला हिंदीच कळायचं. मी खाली मीटर धरून. आकडा मर्यादा ओलांडून गेला.

मी नायर साहेबांकडे धावले. “थांबवा. आकडा वर गेलाय.”

“आता? माल हुकला लटकलाय! वीस मिनिटांत बसतो. मध्येच कसं थांबवू?”

“खाली घ्या.”

“तुम्हाला कळतंय का काय बोलताय? पुन्हा शमाल सुटला तर आठवडा जाईल. क्लायंटला उत्तर कोण देणार, तुम्ही?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेडिओ खरखरला. सदाभाऊंचाच आवाज, पण जीभ जड.

“आये... आये, खिडकी उघड गो.”

क्रेनवाल्याने विचारलं, “क्या बोला, सर? ऊपर या नीचे?”

रेडिओवर पुन्हा तेच. “खिडकी उघड.”

सदाभाऊ रेडिओवर मराठी कधीच बोलत नसत. एकदाही नाही.

“काय म्हणतोय?” नायर साहेबांनी विचारलं.

“आईला खिडकी उघडायला सांगतोय. उघड्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून! साहेब, उष्णता डोक्यात गेलीय त्याच्या. आणि तुमचा माल त्याच्या इशाऱ्यावर लटकलाय.”

नायर साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण मग त्यांनी एक क्षणही घालवला नाही, हे मान्य करायला हवं. क्रेनवाल्याला सांगितलं, “वरून कोणी काही बोलो, हलायचं नाही. आता फक्त माझं ऐक.” वर दुसरा रिगर होता, त्याला सदाभाऊंचा रेडिओ काढून घेऊन त्यांच्या कानाशी धरायला लावलं. मी नायर साहेबांचा रेडिओ घेतला आणि ओरडले, “सदाभाऊ, खाली बसा! बसा म्हणते ना!” त्या आवाजाला ते बसले. हार्नेस अडकवलेला होता म्हणून निभावलं. आधी माल जमिनीवर आला, मग रेस्क्यूवाल्यांनी सदाभाऊंना उतरवलं. पंचा अजून ओलाचिंब होता, आणि त्याखालची मान तव्यासारखी तापलेली. बर्फ, पाणी, पंखे, अँब्युलन्स. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि रडत होते. लाज वगैरे काही वाटली नाही.

वाचले. आणखी थोडा वेळ गेला असता तर नसते वाचले, असं क्लिनिकच्या डॉक्टरांनी सांगितलं.

दुपारी शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, “बसला काय वो एक्स्चेंजर?”

“नाही बसला. तुम्ही बसलात, पुष्कळ झालं.”

“नाश्ता केला नव्हता ना, त्यानं झालं. हवेचं काय नाय.” गुहागरची इज्जत सोडायला तयार नाही बाबा! मग हळूच म्हणाले, “रेडिओवर काय बोललो मी? पोरांना मराठी कळत नाय.”

मी सांगितलं.

“आयेला जाऊन लई वर्सं झाली, ताई,” म्हणाले. ताई पहिल्यांदाच म्हणाले.

एक्स्चेंजर पुढच्या शमालनंतर चढला. क्लायंटने शिव्या दिल्या, नायर साहेबांनी त्या खाल्ल्या, आणि माझं नाव मध्ये आणलं नाही. बोर्डावर आता तिसरा आकडा लागतो, तो मीटरचा, आणि तो वाढला की लिफ्ट थांबवायचा अधिकार माझ्याकडे आहे. सदाभाऊ पंचा अजून भिजवतात, पण वर चढण्याआधी एक पंचा खाली दोरीवर टाकून ठेवतात. तो सुकला नाही, तर गँग शिडीला हात लावत नाही. नायर साहेबही आधी त्या दोरीकडे बघतात, मग माझ्याकडे येतात.

धुळीच्या वादळाला इथे सगळेच घाबरतात, त्यामुळे त्यात कोणाला फारसं काही होत नाही. कोणी “आज हवा छान आहे” म्हणालं, की मी मीटर घेऊन बाहेर पडते.