पिसाळलेल्या राखणदाराचे गाऱ्हाणे

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मला तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा गर्भ गळून गेला. तोवर आमच्या संगमेश्वरकडच्या गावात माझ्या पोटाविषयी माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त माहिती झाली होती. कुणी माझ्या पत्रिकेवर बोट ठेवी, कुणी शाळेच्या वाटेवरच्या चिंचेवर. शेजारच्या काकू लेकीसुनांच्या डोहाळजेवणाला मला वगळून अख्खी वाडी बोलवत आणि मला दुसऱ्या दिवशी उरलेले लाडू पाठवत. लाडू उत्तम असत, हे मान्य केलेच पाहिजे.

नवरा मुंबईत नोकरीला. त्याने मला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी रक्त तपासले आणि त्यात एक खूण सापडल्याचे सांगितले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच माझ्यावर उलटली होती. त्यामुळे वारेत रक्ताच्या गुठळ्या होत आणि बाळाचे पोषण तुटे. उपाय काय, तर पुन्हा दिवस राहिले की रोज ॲस्पिरिनचा चतकोर तुकडा.

चौथ्यांदा दिवस राहिले. सासूबाईंनी गोळी उलटसुलट करून पाहिली.

"ही तर डोकेदुखीची! दुखणं कुठे, गोळी कुठे!"

तरी गोळीला त्यांची ना नव्हती. फक्त देवीच्या कानावर घालायला हवे होते. आधीची तिन्ही तिसऱ्या महिन्यातच गेली होती, म्हणून तिसरा लागताच मला देवळात उभे केले. मागे सगळी वाडी. गुरवाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"मास्तरीणबाई, आजार काय तो नीट सांगा. गाऱ्हाणं मोघम घातलं तर देवीनं करायचं काय?"

मी सातवीला विज्ञान शिकवणारी. खडू-फळा नव्हता, तरी देवीसमोर अख्खा तास घेतला.

"मंजे राखणदार पिसाळला!" गुरव म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना अर्धा तास लागला होता. ह्या गृहस्थाने दोन शब्दांत उरकले.

"मग घालवायचा की शांत करायचा?"

"घालवू नका हो! तापाखोकल्याला तोच लागतो."

"मग शांत." त्याने आवाज चढवला. "आई, हिच्या अंगातला राखणदार घरच्याच पोराला चोर समजतोय. त्याला ओळख पटव. नऊ महिने भरेपर्यंत गप बसव!"

"व्हय महाराजा!" वाडी गरजली. सगळ्यांत वरचा आवाज काकूंचा होता. हसू दाबायला मी पदर तोंडाशी नेला होता, तो डोळ्यांना लावावा लागला.

तिसरा सरला, चौथा सरला. डॉक्टरीणबाई थांबा म्हणेपर्यंत मी चतकोर चुकवला नाही. माझ्या डोहाळजेवणाचे लाडू काकूंनी स्वतः वळले, आणि मी ते पहिल्यांदा ताजे खाल्ले. दिवस भरून मुलगी झाली. आवाज थेट गुरवाचा.

बारशानंतर मला सणसणीत सर्दीताप आला. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अगो, नऊ महिने कधीच भरले की! राखणदाराला उठवायचं राहिलं!"

आणि नारळ उचलून त्या तशाच अनवाणी देवळाकडे सुटल्या.