उमेदवार स्टीफन रुमाव

निवडणुकीला तुला उभं कुणी केलं, असं विचारलं की स्टीफन रुमाव सांगायचा, "मीटिंगमध्ये नाव कोण देतंय म्हणून विचारलं, तेव्हा बाकीचे सगळे मोबाईलमध्ये बघत होते. मी एकट्यानेच वर बघितलं."

त्यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. राज्याच्या शिक्षण मंडळावर ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या भागातून पालकांचा एक प्रतिनिधी निवडायचा होता. स्टीफन मूळचा वसईचा, पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. शाळेच्या पालक समितीत त्याची उमर गेली होती. शनिवारी शाळेच्या निधीसाठी सॉसेज भाजून विकायला तोच, खुर्च्या मांडायला तोच आणि मीटिंग संपल्यावर दिवे बंद करायलाही तोच. पण अर्ज भरला तो मेलिसासाठी.

मेलिसा त्याची एकुलती मुलगी, अकरावीतली. ती बोलताना अडखळते. शब्द ओठांशी येऊन थांबतो, मग ती डोळे मिटते आणि तो बाहेर पडायची वाट बघते. तोंडी परीक्षेत अस्खलित बोलण्याला वेगळे मार्क होते. वाढीव वेळ हवा असेल तर दर वर्षी डॉक्टरचा नवा दाखला आणायचा, जणू मूल सुट्टीत बरं होऊन येणार. हा नियम बदलावा म्हणून स्टीफनने पत्रं लिहिली, फोन केले, ऑफिसांत जाऊन बसला. सगळे गोड बोलायचे. "नो वरीज, स्टीफन, वी हिअर यू." ऐकायचे सगळे, करायचं कुणीच नाही.

प्रचार म्हणजे काय असतं ते त्याला पंधरवड्यात कळलं. शिफ्ट संपली की अंगावरची काजळी धुवायची, शर्ट बदलायचा आणि गाडी काढून कधी डॅप्टो, कधी शेलहार्बर, कधी पार नाउरा. कुठल्यातरी शाळेच्या लायब्ररीत सात-आठ माणसं, थंड चहा, बिस्किटांची बशी. एकाला शाळेसमोर पार्किंग हवं होतं, दुसरीला पोहण्याच्या तलावावर छप्पर. स्टीफन सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. परत येताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं.

मराठी मंडळाचा रविंद्र पुण्याचा, आयटीतला, उत्साही माणूस. तो म्हणाला, "आपली सगळी मतं तुला. फक्त एवढं सांगून टाक, की बारावीला मराठी विषय आणतो."

"ते माझ्या हातात नाही रे. एका सीटने काय होणार?"

"अरे, बोलायला काय जातं? नंतर कोण विचारायला येतंय?"

"मी विचारेन ना स्वतःला," स्टीफन म्हणाला. रविंद्र हसला. स्टीफनला मात्र हसण्याइतकंही त्राण नव्हतं.

शेवटची सभा डॅप्टोत होती. तिन्ही उमेदवारांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं. त्याआधी रविंद्रने त्याला खरा सल्ला दिला. "मेलिसाचं सांग. लोकांना नियम कळत नाहीत, मुलगी कळते." स्टीफनला ते पटलं. त्याने भाषण लिहिलं आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत पाठ केलं. त्याची बायको रोशेल हॉस्पिटलात नर्स, ती ड्यूटीला निघता निघता म्हणाली, "तिला विचारलंस का?"

"तिच्यासाठीच तर करतोय."

"मी ते नाही विचारलं," म्हणून रोशेल गेली.

सभेला जाताना गाडी मेलिसा चालवत होती. तिच्याकडे शिकाऊ लायसन होतं, आणि प्रॅक्टिसचे तास भरायचे म्हणून ती सोबत असली की तीच चालवायची. डॅप्टोच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आय हर्ड युअर स्पीच," ती म्हणाली. "मी वॉशिंग मशीनजवळ होते."

"बरं झालं. कसं वाटलं?"

ती बोलायला गेली आणि शब्द अडला. स्टीफनला तो शब्द माहीत होता. लहानपणापासून तो तिची वाक्यं पुरी करत आला होता. दुकानात, चर्चमध्ये, डॉक्टरकडे. आताही त्याचं तोंड उघडलं होतं. पण तिने समोरच्या रस्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने ते मिटून घेतलं. बाजूने दोन ट्रक गेले.

"डोन्ट यूज मी, डॅडी," ती शेवटी म्हणाली. "त्या हॉलमध्ये माझ्या शाळेतली मुलं असणार. उद्या ती मला बघून डोकं कलतं करतील. सॉरी फॉर मी. मला ते नको."

"मग मी बोलू काय?"

"आय डोन्ट नो. रूलबद्दल बोल."

तो नियमाबद्दल बोलला. भाषणाचा गाभाच काढून टाकल्यावर जे उरलं ते कोरडं होतं, हे त्याला बोलतानाच कळत होतं. मागच्या रांगेत कुणी जांभई दिली. नंतर एका बाईंनी विचारलं, "तुम्हाला या एकाच नियमाचं इतकं का पडलंय?" रविंद्र पुढच्या खुर्चीतून त्याला डोळ्यांनी खुणावत होता. मेलिसा भिंतीला टेकून उभी होती.

"कारण घरचं आहे," स्टीफन म्हणाला. "पण ते माझ्या एकट्याचं नाही, म्हणून सांगत नाही."

टाळ्या पडल्या त्या उपचारापुरत्या. निकाल लागला तेव्हा तो तिसरा आला होता. शेलहार्बरची जोआन निवडून आली. तलावाच्या छपराचं आश्वासन तिने दिलं होतं. रविंद्र म्हणाला, "हातातली सीट घालवलीस." स्टीफन त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सालाही गेला नाही, दुपारपर्यंत झोपून राहिला. रोशेलने त्याला उठवलं नाही.

नियम अजून आहे तसाच आहे. जोआनने त्यावर समिती नेमायला लावली, आणि समितीने अभिप्राय मागवलेत. मेलिसाने तिची तोंडी परीक्षा दिली, पुरेसा वेळ घेऊन. मार्क बेताचे पडले. परीक्षेबद्दल ती घरी काही बोलली नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

पुढे एकदा नाउराहून एका माणसाचा फोन आला. तो डॅप्टोच्या सभेला होता. म्हणाला, माझा मुलगाही अडखळतो. तुमच्या घरचं कारण तेच असावं, असं वाटलं. शाळेत कुणाला भेटू, काय सांगू?

स्टीफनने फोनवर हात ठेवला आणि मेलिसाला विचारलं, "काय सांगू?"

तिने टोस्टवर लोणी लावता लावता विचार केला. "टेल हिम टू आस्क द किड फर्स्ट," ती म्हणाली.

त्याने तसंच सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ते मला सुचलंच नव्हतं. "मलाही नव्हतं," स्टीफन म्हणाला, आणि मग डॉक्टरच्या दाखल्यासाठी कुठल्या ऑफिसात जायचं, तिथे कुणाशी बोलायचं आणि किती वेळा परत जावं लागतं, ते त्याला सावकाश समजावून सांगत बसला.