डावा हेडलाइट काढून ठेवला होता त्या दिवशी

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचतेय. खरं सांगायचं तर वाचते आणि हसते. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाला घाटात पांढरी साडी दिसते... मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे हो. काचपट्टीवर जे दिसतं तेच आमच्या रिपोर्टमध्ये जातं, 'मला असं वाटलं' याला आमच्याकडे रकाना नाही. त्यामुळे आज हे लिहायला बसलेय याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतोय. पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही, म्हणून लिहिते.

आम्ही भांडुप पूर्वेला राहतो, हायवेपासून चालत पाच मिनिटं. सात मजल्यांची बिल्डिंग, खाली पार्किंग. नवरा मंदार सोमवार ते शुक्रवार पुण्याला असतो, मुलगी शिकायला बाहेर. म्हणजे आठवडाभर घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. वय सत्याहत्तर, मूळचे मालवणकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होते. डायबेटिस आहे, रोज इन्सुलिन. हात हल्ली थरथरतात. तोंड मात्र अजिबात थरथरत नाही.

आमची गाडी अकरा वर्षं जुनी. हेडलाइट असे पिवळट झालेले की मोतीबिंदू झालाय असं वाटावं. गेल्या नोव्हेंबरात मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. एक माणूस हसत हसत हेडलाइट उघडतो, आतली कड काळी रंगवतो, पांढरे एलईडी बल्ब टाकतो आणि गाडी एकदम नव्यासारखी. 'घरच्या घरी, एका दुपारीत!' त्या माणसाला मी आजही शोधतेय.

एक दुपार? पाच आठवडे!

आधी टूथपेस्टने घासलं. झकास चमकले, आठ दिवसांत परत पिवळे. मग म्हटलं उघडूयाच. तेव्हा कळलं की हेडलाइट काढायचा तर आधी बंपर काढावा लागतो. काढला. परत लावला तेव्हा दोन स्क्रू उरले, ते कुठले हे देवालाच माहीत. काच चिकटवलेला गोंद मऊ करायला हेडलाइट किचनमधल्या ओव्हनमध्ये ठेवला, तर नंतर महिनाभर केकला प्लास्टिकचा वास. काळा स्प्रे मारताना चिकटपट्टी सुटली आणि आतल्या चकचकीत भागावर काळे ठिपके उडाले. ते थिनरने पुसले, तर ठिपक्यांबरोबर चकाकीही गेली. झालं, जुन्या बाजारातून दुसरा आणा!

आणि हे सगळं चालू असताना पार्किंगमध्ये, माझ्यापासून चार फुटांवर, प्लास्टिकच्या खुर्चीत अप्पा.

"अगो, उलटो बसवलंस तो."

"अप्पा, व्हिडिओत असाच आहे."

"व्हिडिओ बघून काय कोण फिटर होतत?"

संध्याकाळी लाइट लावून बघितला. उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी सरळ वर. दुसऱ्या मजल्यावरून साटम वहिनी ओरडल्या, "कोण रे तो माझ्या तुळशीवर बॅटरी मारतोय?" बल्ब उलटा होता. अप्पा फक्त खुर्ची जरा पुढे ओढून बसले. ते जास्त लागलं मला.

शेवटी उजवा कसाबसा जमला. डावा मात्र हट्टाला पेटला होता. प्रत्येक वेळी सील केला की दोन दिवसांनी आत पाण्याचे थेंब. परत काढा, परत सुकवा, परत चिकटवा. एलईडीचाही नाद मी सोडला, जुनेच पिवळे बल्ब परत टाकायचे ठरवले.

त्या बुधवारी मला सुट्टी होती. डिसेंबरचा महिना. मी डावा हेडलाइट तिसऱ्यांदा काढला, घरी नेऊन नवीन गोंद लावला आणि डायनिंग टेबलवर पेपर पसरून सुकत ठेवला. चोवीस तास हात लावायचा नाही असं पाकिटावर लिहिलेलं. त्याचा बल्ब शेजारीच वाटीत ठेवला. मग खाली येऊन गाडीत जिथे हेडलाइट बसतो त्या मोकळ्या भोकात वायरींची टोकं टेप लावून बंद केली आणि वरून कचऱ्याची काळी पिशवी चारी बाजूंनी चिकटवली. हे नीट वाचा, कारण पुढे सगळं यावरच आहे. डाव्या बाजूला बल्ब नाही, काच नाही, काहीच नाही. नुसतं भोक आणि त्यावर पिशवी.

अप्पा म्हणाले, "तो वाटीतलो बल्ब काळो पडलो हा. नवीन घेवक व्हयो. नायतर एक डोळो चकचकीत नि एक मिणमिणो."

पाच आठवड्यांचा सगळा वैताग माझ्या तोंडून बाहेर पडला. "अप्पा, प्लीज! तुम्ही वर जाऊन बसाल का? तुम्ही डोक्यावर बसता म्हणून माझी कामं बिघडतात!"

हे खोटं होतं. मलाही माहीत होतं, त्यांनाही.

ते उठले. खुर्ची उचलून भिंतीला नीट लावून ठेवली, जशी रोज ठेवायचे तशीच. आणि लिफ्टकडे गेले.

मी मान खाली घालून बंपरचे क्लिप शोधले, बंपर लावला, पसारा आवरला. साडेपाचला वर आले तर घरात अप्पा नाहीत. त्यांचा फोन चार्जिंगला. वाटलं, चिडून फेरी मारायला गेले असतील. चहा टाकला. सहा वाजले. सव्वासहाला टेबल आवरताना लक्षात आलं, वाटी रिकामी आहे.

बल्ब सॅम्पल म्हणून घेऊन ते जोडीचा आणायला गेले होते. मला दाखवून द्यायला. आणि दुपारचं इन्सुलिन घेतल्यावर चार वाजता त्यांना खायला लागतं, ते डब्यात तसंच पडलेलं.

जिन्यात साटम वहिनी भेटल्या. "अप्पा? अगं, चारच्या सुमाराला रिक्षात बसताना बघितलं मी त्यांना. विक्रोळी म्हणत होते."

विक्रोळीला हायवेच्या पलीकडे त्यांच्या ओळखीचा एक स्पेअर पार्टवाला आहे, कारखान्याच्या दिवसांपासूनचा. नंबर माझ्याकडे नाही. मंदारला फोन केला, तो पुण्याहून काय करणार बिचारा. वहिनी म्हणाल्या, "चल, मी येते." आणि आम्ही त्या एका डोळ्याच्या गाडीने निघालो. रिक्षा थांबवत बसण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

दुकानदार म्हणाला, "आले होते ना! त्यांच्या बल्बच्या जोडीचा नव्हता माझ्याकडे. थांबा म्हटलं, चहा घ्या, तर ऐकतायत कुठे? रिक्षावाले भांडुपला यायला तयार नव्हते, तर म्हणाले कांजूरपर्यंत चालत जातो, तिथे रिक्षा मिळेल. पाच वाजले असतील."

पाच! तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती.

येताना आम्ही हायवेने आलो होतो. परत जाताना मी सर्व्हिस रोड धरला, कारण चालणारा माणूस तिथूनच जाणार. काळोख झाला होता. थोड्या अंतरानंतर रस्त्यावरचे दिवे बंद, सलग आठ-दहा खांब. कुठलं तरी काम अर्धवट टाकलेलं, बाजूला सिमेंटचे मोठे पाइप, झुडपं, कचरा. मी वीसच्या स्पीडने चालवत होते. उजव्या लाइटचा उजेड रस्त्याच्या मध्यावर. वहिनी डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होत्या, पण त्या बाजूला नुसता काळोख.

आणि डाव्या बाजूला उजेड पडला.

कसा ते सांगते. झगमगाट नाही, लखलखाट नाही. हेडलाइटचा असतो तसाच उजेड — पांढरा, सरळ, वरून रेघेत नीट कापलेला. व्हिडिओतल्या माणसाचा पडत होता ना, अगदी तसा. आमच्या गाडीच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तिरका पाइपांवर गेलेला. वाळलेलं गवत दिसलं, एका पाइपावर खडूने लिहिलेला आकडा दिसला. आणि दोन पाइपांच्या फटीत एक पाय. पायात अप्पांची चॉकलेटी सँडल.

"थांब! थांब गं वैशाली!" वहिनी किंचाळल्या.

मी ब्रेक मारला. गाडी थांबेपर्यंत उजेड गेला होता. तीन सेकंद असेल, चार असेल.

त्या क्षणी मला उजेडाचं काहीही वाटलं नाही. खरंच नाही. आम्ही मोबाइलची टॉर्च लावून धावलो. पाइपांच्या मागे अप्पा कुशीवर पडले होते. घामाने चिंब, अंग गार, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओठ नुसते हलले. दारूचा वास नाही, मार नाही. मला लगेच कळलं, शुगर उतरली आहे. मागच्या सीटवर माझी लॅबची बॅग होती, त्यात शुगर मोजायचं मशीन आणि टेस्टला लागणाऱ्या ग्लुकोजची पाकिटं. मशीनवरचा आकडा बघितला आणि ग्लुकोजचं पाकीट दातांनी फाडलं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजायचं नसतं, म्हणून पावडर बोटावर घेऊन त्यांच्या हिरड्यांना चोळत राहिले. वहिनी त्यांचे तळपाय चोळत होत्या आणि मोठमोठ्याने गणपतीचं नाव घेत होत्या. किती वेळ गेला माहीत नाही. मग अप्पांनी माझं बोट चावलं. इतका आनंद मला कशानेच झाला नसेल!

दोघींनी कसंबसं उचलून गाडीत घातलं आणि मुलुंडचं हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. सलाइन लागली, अप्पा झोपले. सिस्टरने त्यांच्या खिशातलं सामान माझ्या हातात दिलं. चष्मा, सुट्टे पैसे, आणि रुमालात नीट गुंडाळलेला आमचा बल्ब.

तो बल्ब हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडला.

मी वहिनींकडे बघितलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. आम्ही दोघी खाली गाडीपाशी गेलो. काळी पिशवी होती तशी चिकटलेली. कुठे फाटलेली नाही, वितळलेली नाही. मी ती ओढून काढली. आत भोक, आणि माझ्या हाताने टेप मारलेल्या वायरी.

दुसऱ्या दिवशी अप्पा उशीला टेकून बसले तेव्हा मी त्यांची माफी मागायला लागले. त्यांनी हात झटकला.

"ता रवांदे. तुझी गाडी येताना बघितलंय मी. बोलाक येय ना, हात हलय ना, पण दिसत होतां. दोनय लायटी पेटल्यो होत्यो. म्हटलंय, जमला गो बाय तुका!"

मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन रडून घेतलं.

आता कमेंटमध्ये तुम्ही काय लिहिणार ते मला तोंडपाठ आहे, कारण मंदारचं ते सगळं बोलून झालंय. मागच्या गाडीचा लाइट? मागे गाडी नव्हती, आणि असती तरी उजेड आमच्या कोपऱ्यातून कसा निघेल? हायवेवरच्या ट्रकचा? मध्ये उंच भिंत आहे. घाबरलेल्या मनाचे खेळ? मग वहिनींना तोच पाय, तीच सँडल कशी दिसली? पाइपावरचा आकडा मी हॉस्पिटलात कागदावर लिहिला, त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिला. एकच आकडा होता. अप्पांना काय दिसलं ते सोडा हवं तर, शुगर उतरलेल्या माणसाला दोनाचे चार दिसतात, मान्य. सोसायटीच्या गेटच्या कॅमेऱ्यात आमची गाडी बाहेर पडताना दिसते — उजवा लाइट चालू, डावीकडे काळी पिशवी. चार दिवसांनी मी पिशवी पुन्हा तशीच लावून त्याच वेळी, त्याच जागी, त्याच स्पीडने गाडी नेली. पाइपसुद्धा दिसत नाहीत. तीन फेऱ्या मारल्या. गॅरेजवाल्याला वायरी दाखवल्या, तो म्हणाला, "मॅडम, करंट आला तरी पेटणार काय, हवा?"

घरच्यांपैकी कुणी म्हणालं कुलदेवता, कुणी म्हणालं गेलेल्या सासूबाई. मी कुणाला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. हे वाक्य लिहितानाही माझी चिडचिड होतेय.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. साटम वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. त्या संध्याकाळचं त्यांनी सगळीकडे सांगितलंय — पाइप, ग्लुकोज, मी बोट चावून घेतलं तेसुद्धा. फक्त त्या उजेडाबद्दल कुणाकडे एक अक्षर नाही. परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी विचारलंच, "वहिनी, ते का नाही सांगत कुणाला?"

त्यांनी चादर झटकून दोरीवर टाकली. मग म्हणाल्या, "सांगितलं तर लोक दहा प्रश्न विचारणार गं. आणि उत्तरं देता देता मलाच वाटायला लागेल की तसं काही नव्हतंच. मला दिसलंय ना... ते तसंच राहू दे."