तुतारीला फुटलेली तुती

गोमाजीच्या हाताला झाड लागत नाही, हे मोहाडीजवळच्या त्या लहानशा गावात सगळ्यांना ठाऊक होतं. धान त्याचं चांगलं पिकायचं, त्याबद्दल कुणाचा वाद नव्हता. पण झाड म्हटलं की घात. आंब्याचं कलम आणलं, ते शेळीने फस्त केलं. पेरूला वाळवी लागली. लिंबू तीन वर्षं जगलं खरं, पण वीतभरही वाढलं नाही. शेवटी त्याची बायको धुरपता हिने फर्मान काढलं, की यापुढे परसात एकही खड्डा खणायचा नाही.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात मोहाडीच्या बाजारातून परतताना गोमाजीची तुतारी मोडली. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर कसल्याशा झाडाच्या छाटलेल्या फांद्या पडल्या होत्या. त्यातली सरळशी एक उचलून त्याने बैल घरापर्यंत आणले, काठी विहिरीजवळच्या चिखलात खुपसली आणि धानाच्या रोवणीच्या धांदलीत तिला साफ विसरला. पंधरा दिवसांनी आठवण झाली तेव्हा काठीला पाच पानं फुटली होती.

गोमाजी घाबरला. त्याने चार दिवस कुणाला सांगितलं नाही. पाणी भरायला गेलेल्या धुरपताने पाहिलंच, आणि जाब विचारला.

"म्या खड्डा नाई खणला," गोमाजी म्हणाला. ते खरंच होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी धुरपता धावत घरात आली, ती झाडाला अळ्या लागल्या म्हणून. फांदीफांदीला लहान लहान, हिरव्या-लाल, खरखरीत अळ्या लोंबत होत्या. तिने चुलीतली राख टोपलंभर नेऊन झाडावर उधळली. अळ्या हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा राख. आठवडाभरात अळ्या जांभळ्या झाल्या आणि साळुंक्या त्यांच्यावर तुटून पडल्या. मग गोमाजीने मन घट्ट केलं, डोळे मिटले आणि एक अळी राखेसकट तोंडात टाकली. मग त्याने दुसरी तोडली. तिसरी त्याने धुरपताला दिली.

झाडाचं नाव मात्र कुणाला येत नव्हतं. ते सांगायला वासुदेवराव गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कुणी सापडत नव्हतं. त्यांनी विहिरीच्या काठावर बसून तासभर समजावलं, की ही तुती. हिंदीवाले हिला शहतूत म्हणतात. शहा म्हणजे राजा, तेव्हा हे राजाचं फळ. गोमाजीने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं एवढंच, की तुतारीतून निघाली म्हणून तुती.

गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"गुरुजी, राजा कोणी पाहिला इथं?" गोमाजी म्हणाला. "तुतारी तं तुमीबी पाहिली."

गाव गोमाजीच्या बाजूने गेलं. इतकं, की पुढे झाडालाच सगळे तुतारी म्हणू लागले.

त्र्याऐंशी साली रेशमाच्या कामाचा एक साहेब फटफटीवरून आला. जंगलात ऐनाच्या झाडावर होणारा रेशमाचा कोसा सगळ्यांना माहीत होता. पण हा साहेब घरात पाळायच्या रेशीमकिड्यांबद्दल बोलत होता. त्या किड्यांना तुतीचाच पाला लागतो, म्हणून तो तुतीच्या फांद्या शोधत फिरत होता. गावात दहा जणांना त्याने विचारलं. तुती आपल्या गावात नाही, असं दहाही जणांनी प्रामाणिकपणे सांगितलं. दमून तो गोमाजीच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबला. ओंजळीने पाणी पिता पिता त्याने मान वर केली.

"बाई, हे झाड कशाचं?" त्याने धुरपताला विचारलं.

"तुतारीचं."

साहेबाने पिशवीतून एक छापील कागद काढला, त्यावरचं पान झाडाच्या पानाशेजारी धरलं आणि तो मोठ्याने हसला. काय चुकलं ते धुरपताला कळेना. तिने त्याला आणखी पाणी दिलं.

त्या पावसाळ्यात साहेबाच्या सांगण्यावरून गोमाजीने फांद्यांची वीतवीतभर लांबीची दोनशेवर कांडकी कापून गावोगाव वाटली. आपल्या हाताचा गुण त्याला माहीत होता. त्यामुळे त्याला झोप लागेना, आणि तो सायकल काढून पार सिहोऱ्यापर्यंत प्रत्येक कांडकं पाहून आला. बहुतेक सगळी फुटली होती. सिहोऱ्याच्या टेकचंदने तर अशा गुणी हाताने आपल्याकडे एक आंबा लावूनच जा म्हणून हट्ट धरला. गोमाजी नाही नाही म्हणत होता. शेवटी लावला. आठ दिवसांत आंबा गेला.

टेकचंदने निरोप धाडला की दोष मातीचा असावा. गोमाजीने तो निरोप धुरपताला दोनदा ऐकवला.

वासुदेवराव गुरुजींनी हार मानली नव्हती. दर चैत्रात ते दुपारी नावाची चर्चा करायला यायचे आणि बोलता बोलता पसा पसा तुती खायचे. शहाऐंशी साली त्यांच्या पत्नी, कुंताबाई, जांभळ्या डागांनी भरलेलं धोतर घेऊन थेट विहिरीवर आल्या. तीन साबण झिजले, आता हे तुम्हीच धुवा, असं त्यांचं म्हणणं. गोमाजी हळूच बाजेवर जाऊन बसला.

धुरपताने वाद घातला नाही. तिने हाताशी आलेलं एक कच्चं, हिरवट-लाल फळ तोडलं, डागावर चुरडलं आणि धोतर पाण्यात खळबळलं. डाग फिका पडला. दुसऱ्यांदा चोळल्यावर नाहीसा झाला. कुंताबाईंनी कापड उन्हात धरून पाहिलं.

"तुमी खाल्ली काय कदी?" धुरपताने विचारलं.

त्यांनी कधी खाल्ली नव्हती. धुरपताने पिकलेल्या तुतींनी त्यांची ओंजळ भरली.

ऊन कलायला आलं तेव्हा गुरुजी जेवणाची वेळ टळली म्हणून बायकोला शोधत आले. दोघी विहिरीच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या आणि कुंताबाईंच्या पदरावर कच्ची तुती चोळणं चाललं होतं. गुरुजींनी गोमाजीकडे पाहिलं. गोमाजी बाजेवर थोडा सरकला आणि त्यांना जागा करून दिली.